पहिला गोल्फ सेट : चौदा क्लबची घाई नको

गोल्फ नुकतंच सुरू केलेल्या वाचकांची पत्रं या वेळी घेतली आहेत. काय घ्यावं, किती घ्यावं आणि घेतलेलं आपल्याला बसतंय की नाही हे कसं ओळखावं, याभोवतीच बहुतेक पत्रं फिरतात. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. डावं-उजवं लिहिताना उजव्या हाताने खेळणारा धरला आहे. डावखुऱ्यांनी ते उलट वाचावं.

प्रश्न : तीन महिने शिकवणीला जातोय आणि तिथलेच क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) वापरतोय. आता स्वतःचे घ्यायचे आहेत. नियमात १४ क्लब चालतात, मग १४ चाच सेट एकदम घेऊन टाकावा का? अर्धवट घेऊन पुन्हा पुन्हा खर्च नको वाटतो.

उत्तर : १४ ही कमाल मर्यादा आहे. तेवढे असलेच पाहिजेत असा नियम नाही. पूर्वी काही खेळाडू वीस-पंचवीस क्लब पिशवीत घालून उतरत. त्याला आळा म्हणून १९३८ साली अमेरिकेत आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या नियमांत हा आकडा आला. कमी क्लब घेऊन खेळायला कुठेही आडकाठी नाही.

आता १४ का नकोत ते पाहा. आयर्न म्हणजे धातूच्या पातळ हेडचे, आकडे दिलेले क्लब; लॉफ्ट म्हणजे क्लबचा फेस (चेंडूला लागणारी बाजू) मागे किती कललेला आहे तो कोन. लागोपाठच्या दोन आयर्नच्या लॉफ्टमध्ये साधारण चार अंशांचा आणि लांबीत अर्ध्या इंचाचा फरक असतो. ज्याचा फटका दर वेळी फेसच्या मध्यावर बसतो, त्याला या फरकातून दहा-बारा यार्डांचं अंतर मिळतं. नवशिक्याचा एकाच ७ आयर्नचा एक चेंडू १३० यार्ड जातो, दुसरा १०५ आणि तिसरा ९० वर थांबतो. स्वतःच्याच फटक्यांत चाळीस यार्डांची तफावत असताना ६ आणि ७ आयर्नमधला दहा यार्डांचा फरक हाताला कळणार कसा? दोन्ही चेंडू एकाच जागी पडतात आणि पिशवी मात्र जड होते.

म्हणून आमचा आग्रह सात क्लबचा आहे. पाच नंबरचा फेअरवे वुड (मोठ्या हेडचा, लांब फटक्यांचा), लॉफ्ट १८ अंश. पाच नंबरचा हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधला), २४-२५ अंश. मग ७ आयर्न, ९ आयर्न, पिचिंग वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा), ५४ ते ५६ अंशांचा सँड वेज (वाळूतून काढायचा) आणि पटर (ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडू घरंगळवायचा). हल्लीच्या नवशिक्यांच्या आयर्नमध्ये हे आकडे ७ ला ३० च्या आसपास, ९ ला ३९ च्या आसपास आणि पिचिंग वेजला ४४-४५ असे येतात. ड्रायव्हर, म्हणजे टीवरून (चेंडू ठेवायच्या खुंटीवरून) सर्वांत लांब मारायचा क्लब, हा आठवा घ्यायचा, तोही नंतर. पाच नंबरचा वुड टीवरून सलग दहापैकी सात वेळा मैदानात राहायला लागला, की ड्रायव्हरकडे वळा.

३ आणि ४ आयर्न तर मनातूनच काढून टाका. तेवढ्या कमी लॉफ्टच्या पातळ हेडने चेंडू हवेत चढवायला क्लबचा वेग बराच लागतो. हायब्रिडचं हेड मागे फुगलेलं असतं, त्याचं वजन फेसपासून मागे आणि खाली बसतं. त्यामुळे तेवढ्याच लॉफ्टला चेंडू उंच जातो, आणि लांब गवतातून हेड अडकत नाही, घसरून पुढे निघतं.

पिशवीसकट मिळणारे तयार सेट बहुधा नऊ ते अकरा क्लबचे असतात आणि सुरुवातीला वाईट नसतात. पण घेण्याआधी दोन गोष्टी बघा. त्यात खरा सँड वेज आहे का? अनेक सेट पिचिंग वेजवरच संपतात. आणि ड्रायव्हरचा लॉफ्ट किती आहे? साडेदहापेक्षा कमी असेल तर तो सेट सोडून द्या.

प्रश्न : ओळखीच्यांनी त्यांचा जुना ड्रायव्हर दिला. ९ अंशांचा आहे, शाफ्ट (दांडा) स्टिफ म्हणजे ताठ. सरावाच्या रेंजवर ७ आयर्न बऱ्यापैकी सरळ जातो, पण ड्रायव्हरचा चेंडू दर वेळी उजवीकडे वळत जाऊन झाडीत पडतो. क्लब बदलू की स्विंग?

उत्तर : दोन्ही, पण क्लबचा वाटा आधी समजून घ्या.

चेंडू उजवीकडे वळतो, कारण आदळताना फेस स्विंगच्या मार्गापेक्षा उघडा असतो. हा दोष तुमच्या ७ आयर्नमध्येही असणार. तिथे तो दिसत नाही, कारण लॉफ्ट ३० अंशांचा आहे. जास्त लॉफ्टमुळे चेंडूला मागे फिरणारी फिरकी भरपूर मिळते, फिरकीचा अक्ष फारसा तिरपा होत नाही, चेंडू थोडासाच वळतो. ९ अंशांवर मागची फिरकी कमी असते. तेवढाच उघडा फेस मग अक्षाला जोरात तिरपा करतो. दोष तोच, पण शिक्षा तिप्पट. त्यामुळे नवशिक्याला ड्रायव्हर ११ किंवा १२ अंशांचा हवा. ‘लॉफ्ट जास्त म्हणजे अंतर कमी’ हा समज वेगवान स्विंगवाल्यांपुरता ठीक आहे. मध्यम वेगाच्या माणसाचा चेंडू १२ अंशांनी बहुतेक वेळा जास्त लांब जातो, कारण तो जास्त वेळ हवेत राहतो.

दुसरी अडचण लांबीची. आजचे ड्रायव्हर ४५ ते पावणेशेचाळीस इंचांचे असतात, ७ आयर्न ३७ च्या आसपास. आठ-साडेआठ इंच लांब दांड्याच्या टोकाला असलेलं हेड मध्यावर आणणं कठीणच. ग्रिप एक इंच खाली धरा. वेग थोडा कमी होईल, पण फटका मध्याजवळ बसला तर गेलेलं अंतर परत मिळतं.

चेंडू नेमका कुठे लागतो ते बघायचं असेल तर पायांना मारायची कोरड्या पावडरची फवारणी मिळते, ती फेसवर हलकी मारा. पांढरा थर बसतो आणि प्रत्येक फटक्याचा गोल ठसा उमटतो. दहा चेंडू मारा, मधून पुसत राहा. ठसे टाचेकडे म्हणजे दांड्याच्या बाजूला पडत असतील तर वळण आणखी वाढतं, कारण ड्रायव्हरच्या फुगीर फेसवर टाचेकडे लागलेला चेंडू उजवीकडेच फिरतो. अशा वेळी चेंडूपासून अर्धं पाऊल मागे उभं राहा, किंवा वजन पंजांच्या पुढच्या टोकावर जात नाही ना ते तपासा. टीची उंची अशी ठेवा की हेड जमिनीवर टेकवल्यावर चेंडूचा अर्धा भाग हेडच्या वर दिसेल.

हेडच्या गळ्याशी पेच असेल आणि लॉफ्ट बदलता येत असेल, तर तो एक-दीड अंश वाढवून बघा. लॉफ्ट वाढवताना फेस किंचित बंदही होतो, आणि तुम्हाला दोन्ही हवंच आहे. पेच नसेल तर हा ड्रायव्हर सध्या घरी ठेवा.

प्रश्न : माझा ७ आयर्न मित्राच्या ७ आयर्नपेक्षा वीस यार्ड कमी जातो. त्याचे क्लब नवे आहेत, माझे वीस वर्षांपूर्वीचे. माझ्यात ताकद कमी की क्लबच निकामी?

उत्तर : दोन्ही नाही. तळाशी कोरलेल्या ‘७’ या आकड्याचा लॉफ्ट कुठल्याही नियमाने ठरलेला नाही. जुन्या सेटमध्ये ७ आयर्न ३४-३५ अंशांचा असे, आज नवशिक्यांच्या सेटमध्ये तो २८ ते ३० असतो. म्हणजे मित्राच्या ७ चा लॉफ्ट तुमच्या ६ किंवा ५ च्या जवळ जातो. तुलना करायचीच असेल तर अंशांची करा, आकड्यांची नको.

याचा एक परिणाम खरेदीत लक्षात ठेवावा लागतो. नव्या सेटचा पिचिंग वेज ४३-४४ अंशांवर आला, पण सँड वेज ५५-५६ वरच राहिला. मध्ये बारा अंशांचं खिंडार पडलं. पुढे कधी आठवा-नववा क्लब घ्याल, तेव्हा तो ५० अंशांच्या आसपासचा गॅप वेज असू द्या. ४ आयर्नपेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

जुने क्लब टाकायची गरज आहे का, हे त्यांच्या पाठीवर अवलंबून आहे. आयर्न उलटा करून बघा. पाठ सपाट, भरीव, पातळ असेल तर तो ब्लेड आहे. त्यात सगळं वजन मध्यामागे असल्यामुळे टोकाकडे लागलेल्या चेंडूवर हेड मनगटाला झटका देत वळतं आणि चेंडू जवळच पडतो. पाठीत खोलगट खळगा असेल तर तो कॅव्हिटी बॅक. वजन कडांकडे सरकवलेलं असल्यामुळे चुकलेल्या फटक्यावरही हेड कमी वळतं. ही कल्पना पिंग या क्लब बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोलहाइम यांनी रुजवली. तळ रुंद असावा, बोटभर तरी. पातळ तळ चेंडूच्या मागे जमिनीत रुततो. तुमचे वीस वर्षांपूर्वीचे क्लब कॅव्हिटी बॅक असतील तर निर्धास्त खेळा.

प्रश्न : उंची ५ फूट ३ इंच. दुकानात म्हणाले, ‘स्टँडर्ड लांबी सगळ्यांना चालते.’ ते बरोबर आहे का? माझ्या ७ आयर्नचा चेंडू सतत डावीकडे जातो.

उत्तर : सगळ्यांना चालत नाही. आणि नुसती उंचीही पुरेशी नाही, कारण त्याच उंचीच्या दोन माणसांच्या हातांची लांबी वेगळी असते. मोजायचं असतं ते मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर.

खेळताना घालता ते बूट घाला. सरळ उभे राहा, खांदे सैल, हात बाजूला मोकळे सोडा. हाताचा तळवा संपून मनगट सुरू होतं तिथली घडी ते जमीन हे अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. स्वतः वाकून मोजलंत तर इंचभर चुकणार. कंपन्यांच्या तक्त्यांत थोडा फरक असतो, पण ३४ ते ३६ इंचांना स्टँडर्ड लांबी, ३२ ते ३४ ला अर्धा इंच कमी आणि ३६ ते ३८ ला अर्धा इंच जास्त, हा हिशेब बहुतेकांना लागू पडतो.

चेंडू डावीकडे जाण्याचं कारण मात्र लाय अँगलमध्ये असू शकतं. लाय म्हणजे तळ जमिनीवर टेकल्यावर दांडा जमिनीशी करतो तो कोन. तुमच्यासारख्या कमी उंचीच्या माणसाच्या हातात लांब क्लब आला की हात खाली असल्याने मूठ खाली जाते आणि हेडचं पुढचं टोक हवेत उचललं जातं. टोक उचललेलं असलं की लॉफ्टमुळे फेस डावीकडे बघतो. टाच उचललेली असली तर उजवीकडे. लॉफ्ट जितका जास्त, तितकी ही चूक मोठी, म्हणून ती वेजमध्ये सर्वांत जास्त जाणवते.

याची परीक्षा एका मार्करने होते. पांढऱ्या फळ्यावर लिहायचा, पुसता येणारा जाड मार्कर घ्या. चेंडूवर एक सरळ रेघ ओढा आणि चेंडू असा ठेवा की ती रेघ फेसकडे तोंड करून बरोबर उभी राहील. फेस कोरडा पुसून घ्या आणि नेहमीसारखा फटका मारा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. आता क्लब उचलून फेसवरच्या आडव्या खाचा डोळ्यांसमोर समांतर धरा. ठसा खाचांना काटकोनात असेल तर लाय बरोबर. ठशाचं वरचं टोक हेडच्या टोकाकडे झुकलेलं असेल तर क्लब तुम्हाला जास्त उभा पडतोय. टाचेकडे झुकलेलं असेल तर जास्त आडवा. एका फटक्यावर विसंबू नका, पाच-सहा ठसे बघा.

क्लब उभा पडत असेल तर दुरुस्ती करणारा कारागीर यंत्रात हेडची मान वाकवून कोन दोनेक अंश बदलू शकतो. घडाईच्या मऊ पोलादाचे हेड सहज वाकतात. ओतीव कठीण पोलादाचे हेड जपून वाकवावे लागतात, जास्त ताण दिला तर मान तडकते. लांबी अर्धा इंच कापली तर हेड हाताला हलकं लागेल. वजनाची जाण स्विंगवेटच्या मोजमापात सुमारे तीन अंकांनी उतरते. हेडला शिशाची पट्टी चिकटवून ती भरून काढता येते, साधारण दोन ग्रॅमला एक अंक.

प्रश्न : वय ५८. डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. सेटमध्ये स्टीलचे शाफ्ट आहेत. ग्रॅफाइट घेतल्याने फरक पडेल का? आणि आर, एस ही अक्षरं म्हणजे नेमकं काय?

उत्तर : दुखणं आधी डॉक्टरांना दाखवा. क्लब बदलून दुखण्याचं कारण जात नाही, फक्त त्यावरचा भार हलका होतो.

तरी ग्रॅफाइट घ्या, असंच सांगू. आयर्नचा स्टील शाफ्ट साधारण ९५ ते १३० ग्रॅम भरतो, ग्रॅफाइटचा ५० ते ८०. शिवाय आदळल्यावर येणारा कंप ग्रॅफाइट बराचसा स्वतःत जिरवतो. त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे कडक चटईवर मारणं कमी करा. गवतावर क्लब जमिनीत शिरून माती कापत पुढे जातो. चटईखालचं काँक्रीट कुठेच जात नाही आणि सगळा धक्का कोपरात येतो. रेंजवर चटईच असेल तर चेंडू रबरी टीवर ठेवून मारा.

अक्षरं शाफ्टच्या लवचिकतेची आहेत. एल सर्वांत मऊ, मग ए म्हणजे सीनियर, आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ, एक्स सर्वांत ताठ. ड्रायव्हरच्या हेडचा वेग ताशी ७५ ते ८५ मैल असेल तर ए, ८५ ते ९५ ला आर, ९५ ते १०५ ला एस, असा अंदाज धरतात. मात्र या अक्षरांना कुठलंही सामायिक मानक नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका ताठ निघतो, त्यामुळे अक्षर वाचून घेऊ नका, मारून बघून घ्या. फार ताठ शाफ्टचा चेंडू बहुधा खाली राहतो, उजवीकडे सुटतो आणि हाताला लाकडावर मारल्यासारखं वाटतं. फार मऊ असेल तर चेंडू उंच चढतो आणि डावीकडे जाऊ लागतो. संशय असेल तर मऊ बाजू घ्या.

प्रश्न : वापरलेला सेट मिळतोय. काय तपासू?

उत्तर : पहिल्या सेटसाठी वापरलेले क्लब हा फार चांगला मार्ग आहे. ड्रायव्हरचं हेड ४६० घन सेंटिमीटरपेक्षा मोठं चालत नाही आणि फेसच्या उसळीलाही नियमांची मर्यादा आहे, त्यामुळे दहा वर्षं जुना ड्रायव्हर नव्याच्या फार मागे नसतो. तपासायला अर्धा तास द्या आणि उजेडात बसा.

प्रत्येक क्लब कानाजवळ धरून हलवा. आत खडखड झाली तर सुटलेला गोंद किंवा तुटलेला कण असतो. क्लब चालतो, पण दर स्विंगला आवाज येत राहतो. मग एका हाताने हेड आणि दुसऱ्या हाताने ग्रिप धरून उलट दिशांना पिळा. हेड जरासं जरी फिरलं, चर्र आवाज आला, तर गोंद सुटलाय. शाफ्ट हेडमध्ये शिरतो तिथे प्लास्टिकची काळी कडी असते. ती वर सरकून फट पडली असेल तर कारण विचारा.

स्टीलचा शाफ्ट ग्रिपच्या टोकाकडून एक डोळा मिटून बघा. बाक असेल तर शाफ्टवर टप्प्याटप्प्याने असलेल्या पायऱ्यांच्या रेषेत मोड दिसतो. गंजाचे वरवरचे डाग पुसून जातात; नखाला खड्डे लागले तर शाफ्ट आतून खाल्ला गेलाय आणि एक दिवस फटक्यातच तुटेल. ग्रॅफाइटवर बोट फिरवत खाली या. पिशवीच्या कडेवर घासून रंग गेलेला चालतो, पण काळ्या धाग्यांचे तंतू वर आलेले किंवा पांढरट आडवी चीर दिसली तर तो क्लब नको.

ड्रायव्हरच्या फेसवर सरळ पट्टी आडवी धरा. चांगला फेस मध्यावर फुगीर असतो, पट्टी दोन्ही बाजूंना डोलते. मध्यावर सपाट बसली तर फेस आत दबलाय. हेडच्या वरच्या बाजूला फेसजवळच्या सांध्यावर केसाएवढी भेग शोधा. नखाने टकटक केल्यावर एके ठिकाणी बद्द आवाज आला तर तिथे पुन्हा बघा.

वेजच्या खाचांत नख घाला. कड नखाला अडकत नसेल, तर त्या क्लबने चेंडू ग्रीनवर थांबणार नाही. इतर आयर्नच्या खाचा थोड्या झिजलेल्या असल्या तरी सुरुवातीला चालतं.

आणि सेट एकच आहे ना, हे बघा. सगळ्या आयर्नच्या शाफ्टवरची नावाची पट्टी सारखी असावी. जमिनीवर क्रमाने उभे केल्यावर ग्रिपची टोकं अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या पायऱ्यांनी उतरायला हवीत. मध्येच एक क्लब आखूड निघाला तर तो कुणीतरी कापलेला किंवा दुसऱ्या सेटमधून आलेला आहे. ग्रिप खराब असल्या तर काळजी नको, त्या बदलता येतात. फक्त किंमत ठरवताना ते धरा.

प्रश्न : मी डावखुरी आहे. शिकवणारे म्हणतात उजव्या हाताने शिक, क्लब जास्त मिळतात. काय करू?

उत्तर : तुम्ही बॅट किंवा झाडू दोन्ही हातांनी कसा धरता, ते बघा. लिहिण्याचा हात इथे निर्णायक नसतो. व्यावसायिक गोल्फपटू फिल मिकेलसन इतर सगळं उजव्या हाताने करतात आणि गोल्फ डाव्या बाजूने खेळतात. दोन्ही बाजूंनी ७ आयर्नचे वीस-वीस स्विंग चेंडूशिवाय करा. ज्या बाजूला शेवटी तोल जात नाही, ती बाजू तुमची. क्लब जास्त मिळतात हे कारण पुरेसं नाही. तुम्हाला सातच हवे आहेत. आणि केवळ स्त्री आहात म्हणून लेडीज सेट घेऊ नका. ते बहुधा इंचभर आखूड, हलके आणि एल शाफ्टचे असतात. उंच, जोमदार स्विंगच्या बाईला पुरुषांचा हलका ग्रॅफाइट सेट जास्त बसतो.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची. माझे जुने क्लब कापून तिला दिले तर?

उत्तर : नको. कापल्याने लांबी कमी होते, वजन नाही. मोठ्यांच्या ७ आयर्नचं नुसतं हेड २७० ग्रॅमच्या आसपास असतं. शिवाय शाफ्ट आखूड केला की तो आणखी ताठ होतो आणि जाड ग्रिप लहान मुठीत मावत नाही. मूल मग क्लब हातांनी उचलू शकत नाही, कंबर मागे टाकून अख्ख्या अंगाने ओढतं. ही सवय पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही.

मुलांचे क्लब वयावर नाही, उंचीवर निवडा. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून फार तर एक इंच लांब चालेल, तेवढं ग्रिप खाली धरून भागतं. दुकानात तिला क्लब एका हाताने ग्रिपच्या टोकाशी धरून समोर आडवा रोखायला सांगा. हेड लगेच खाली झुकलं तर तो जड आहे. चार क्लब पुरेत: एक वुड, एक ७ किंवा ८ आयर्न, एक वेज, एक पटर.

प्रश्न : पिचिंग वेज असताना सँड वेज वेगळा कशाला? बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) पिचिंग वेजने चेंडू निघतच नाही, क्लब वाळूत गाडला जातो.

उत्तर : तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: तो गाडला जातो. सँड वेज उभा धरून तळाकडे बाजूने बघा. तळाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली असते. या कोनाला बाउन्स म्हणतात. वाळूत शिरल्यावर ही मागची कड आधी टेकते आणि हेड खोल न जाता सपाट थाळीसारखं चेंडूखालून घसरत निघतं. पिचिंग वेजला बाउन्स कमी, म्हणून पुढची धार सुरीसारखी खाली जाते. अमेरिकन गोल्फपटू जीन सॅराझेन यांनी असा तळ लोकांसमोर आणला आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. त्यानंतर तो सगळीकडे पसरला.

मऊ, खोल वाळूला आणि ओल्या मैदानाला १० ते १४ अंश बाउन्स घ्या. जमीन टणक आणि वाळू पातळ असेल तर ८-१०. एवढा आकडा बहुधा हेडवरच कोरलेला असतो: ‘५६.१२’ म्हणजे ५६ लॉफ्ट, १२ बाउन्स. ६० अंशांचा लॉब वेज दोन वर्षं तरी नको.

प्रश्न : पटर कुठलाही चालतो ना?

उत्तर : पार ७२ च्या (ठरलेले फटके ७२ असलेल्या) मैदानावर हिशेबाने, दर भोकाला दोन याप्रमाणे, ३६ फटके पटरचे असतात. सर्वांत जास्त वापरला जाणारा क्लब सर्वांत निष्काळजीपणे घेतला जातो, याचं आम्हाला वाईट वाटतं.

लांबी आधी. नेहमीसारखे वाका, हात सैल लोंबू द्या आणि डाव्या डोळ्यापाशी दुसरा चेंडू धरून सोडा. तो जमिनीवरच्या चेंडूवर किंवा त्याच्या किंचित आतल्या बाजूला पडायला हवा. फारच आत पडला तर पटर लांब आहे. दुकानात ३५ इंचांचे जास्त दिसतात, पण ३३-३४ अनेकांना जास्त बरोबर बसतात.

मग दांडा हेडजवळ एका बोटावर आडवा तोला. फेस आकाशाकडे बघत राहिला तर हेड फेस-बॅलन्स्ड आहे. सरळ मागे-सरळ पुढे मारणाऱ्यांना ते सोपं जातं. टोक खाली लोंबलं तर ते कमानीत स्विंग करणाऱ्यांसाठी. नवशिक्याला मोठ्या हेडचा, मागे रेघ असलेला मॅलेट निशाण धरायला सोयीचा पडतो. पटरलाही तीन-चार अंश लॉफ्ट असतो, कारण चेंडू गवतात किंचित बसलेला असतो आणि त्याला आधी वर उचलावं लागतं. हात फार पुढे ढकलून मारलंत तर तो लॉफ्ट संपतो आणि चेंडू उसळत जातो.

प्रश्न : चेंडू कुठले घेऊ?

उत्तर : दोन थरांचे, आयोनोमर (टणक प्लास्टिक) कवचाचे. ते टिकतात आणि वळणही कमी घेतात. महागड्या युरेथेन (मऊ प्लास्टिक) कवचाची फिरकी वेजने नीट मारता येईपर्यंत कळणारच नाही. एकदा निवडलात की तोच वापरत राहा, म्हणजे पटिंगचा अंदाज बसेल.

प्रश्न : जुन्या सेटच्या ग्रिप गुळगुळीत झाल्यात. घरी बदलता येतील का? जाडी कशी ठरवू?

उत्तर : आधी कोमट साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासून, पुसून वाळवून बघा. निम्म्या वेळा नुसता घाम आणि मळच असतो. तरीही चकाकत असतील, कडक लागत असतील, तर बदला. गुळगुळीत ग्रिप निसटू नये म्हणून माणूस मूठ आवळतो आणि मनगट घट्ट होतं.

जाडी डाव्या हाताने ठरवा. क्लब धरल्यावर मधली दोन बोटं अंगठ्याच्या मुळाच्या गादीला हलकी टेकली तर बरोबर. मध्ये फट राहिली तर जाड, नखं रुतली तर बारीक.

बदलताना जुनी ग्रिप आकडीच्या पातीने उभी कापा, पाती अंगाकडे नको. ग्रॅफाइटवर फार हलक्या हाताने, नाहीतर तंतू कापले जातात. जुनी चिकटपट्टी खरवडून काढा. दुहेरी चिकटपट्टी गुंडाळा, ती टोकापलीकडे अर्धा इंच ठेवून आत दुमडा. नव्या ग्रिपच्या टोकाचं भोक बोटाने बंद करून आत ग्रिपसाठीचं द्रावण ओता, हलवा आणि तेच पट्टीवर ओता. एका दमात ग्रिप सरकवा, मध्ये थांबलात तर तिथेच चिकटते. आतलं टोक शाफ्टला टेकेपर्यंत ढकला, क्लब जमिनीवर टेकवून ग्रिपवरची खूण फेसशी जुळवा. यासाठी मिनिटभर वेळ मिळतो. वाळायला काही तास लागतात. आम्ही रात्रभर ठेवायला सांगतो. पहिल्यांदा करताना सुरुवात पटरने नको, त्याची ग्रिप एका बाजूला सपाट असते आणि जराशी वाकडी बसली तरी पटरचा प्रत्येक फटका वाकडा जातो. ९ आयर्नपासून करा.